अत्याचारपीडिताची सोबत : एक शिकावयाचे काम

फौजदारी खटल्याच्या कागदावर एका बाजूला शासनाचे नाव असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपीचे. ज्याचे घर जाळले, ज्याचे डोके फुटले, जिच्यावर बलात्कार झाला, त्यांचे नाव त्या मथळ्यावर नसते. ते आत कुठेतरी साक्षीदारांच्या यादीत असते : सरकारी साक्षीदार क्रमांक एक. गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून खटला शासनाने चालवावयाचा, असे यामागचे तत्त्व आहे. तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही. पण आपल्या गावगाड्यात अडचण अशी होते की, ज्या समाजाविरुद्ध गुन्हा झाला असे कायदा मानतो, तो समाज पुष्कळदा आरोपीच्या शेजारी पारावर बसलेला असतो. साक्षीदार क्रमांक एक मात्र एकटा असतो.

त्याच्या शेजारी कोणी बसावे? तपास पोलिसांचा, वकील सरकारचा, औषध दवाखान्याचे, अर्थसाह्य समाजकल्याण खात्याचे. या चारही दारांत त्या माणसाला घेऊन जाणारा, प्रत्येक दारात काय विचारतील आणि काय मागता येईल हे त्याला आधी समजावून सांगणारा, आणि निकाल लागेपर्यंत त्याची सोबत न सोडणारा माणूस, हा या लेखाचा विषय आहे.

हे काम जगात नवे नाही. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी १९७४ साली गुन्ह्याला बळी पडलेल्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील स्त्रीचळवळीने बलात्कारपीडितांसाठी केंद्रे उघडली. तेथे आज हे रीतसर शिकविले जाते. १९८५ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या न्यायासाठी जाहीरनामा संमत केला. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ साली स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे पोलिसांच्या आवारात बसू लागली. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही या कामाला चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. तरीही अत्याचाराची फिर्याद घेऊन माणूस तालुक्याच्या ठाण्याच्या पायरीवर बसतो, तेव्हा असा शिकलेला सोबती त्याला क्वचितच भेटतो. तेथे भेटतो तो आपला कार्यकर्ता.

मी समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवितो आणि सुट्ट्यांत कार्यकर्त्यांची शिबिरे घेतो. दोन्हीकडची मुले माझ्या पाहण्यात आहेत. महाविद्यालयातल्या मुलाला मुलाखतीचे तंत्र माहीत असते, पण ठाण्याची पायरी चढताना त्याचा घसा कोरडा पडतो. कार्यकर्त्याला ठाण्याची भीती नसते, पण पीडित बाईसमोर बसला की तिच्याआधी तोच बोलू लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, पीडिताची सोबत हे शिकून घ्यावयाचे काम आहे. कळवळा असला म्हणजे ते आपोआप येते, हा आपल्या चळवळीचा समज महागात पडलेला आहे. आणि ती किंमत कार्यकर्ता मोजीत नाही, फिर्यादी मोजतो.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चार माणसे मारली गेली. पहिले शवविच्छेदन नीट झाले नाही म्हणून मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. २००८ च्या सप्टेंबरात विशेष न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे आणि स्त्रियांवरील अत्याचार सिद्ध झाले नाहीत असे ठरविले. रस्त्यावर जे सत्य लाखो लोकांना ठाऊक होते ते न्यायालयाच्या दप्तरात शिरू शकले नाही. यात तपास यंत्रणेचा दोष किती आणि कोणाचा, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यातून शिक्षकाच्या नात्याने एकच गोष्ट उचलतो : पहिल्या दोन-तीन दिवसांत जे कागदावर येत नाही, ते पुढे मोर्चाने आणता येत नाही.

आता कायद्याने या सोबत्याला कोणती जागा दिली आहे ते पाहू. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. २०१५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. या दुरुस्तीने कलम १५-अ हे नवे कलम आले, आणि पीडित व साक्षीदार यांचे हक्क प्रथमच एका ठिकाणी लिहिले गेले. जामिनाच्या अर्जासह प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा या प्रत्येक वेळी त्याला आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. हे नुसते शोभेचे शब्द नाहीत, बंधनकारक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी यांच्या खटल्यात स्पष्ट केले. आणि याच कलमाच्या बाराव्या पोटकलमात म्हटले आहे की, स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेणे हा पीडिताचा व त्याच्या आश्रितांचा हक्क आहे. ‘तू कोण? तुझा काय संबंध?’ असे ठाणे अंमलदाराने विचारले तर त्याचे उत्तर येथे आहे. कार्यकर्ता मेहेरबानी म्हणून आत येत नाही. तो पीडिताच्या हक्काने येतो. याचा दुसराही अर्थ ध्यानात ठेवावा : हक्क पीडिताचा आहे, कार्यकर्त्याचा नव्हे. पीडिताने नको म्हटले तर आपण बाहेर थांबावयाचे.

मग शिकावयाचे काय?

पहिली गोष्ट ऐकण्याची. ही सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत कठीण आहे. मार खाल्लेला, घाबरलेला माणूस क्रमाने सांगत नाही. शेवट आधी येतो, मधले गळते, वेळ चुकते. ‘नीट सांगा, आधी काय झाले?’ असे दरडावले की तो मिटतो किंवा आपल्याला आवडेल असे सांगू लागतो. दोन्ही घातक. त्याला पाणी द्यावे, दार लोटून घ्यावे, गर्दी बाहेर काढावी आणि सांगेल त्या क्रमाने सांगू द्यावे. क्रम नंतर लावता येतो. त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. बाई ‘वाईट केलं’ म्हणाली तर आपण आपला शब्द लावू नये. ‘म्हणजे काय केलं, मावशी?’ एवढेच विचारावे, आणि शक्य तर हे विचारणारी बाईच असावी. त्याच गोष्टीची उजळणी दहा जणांपुढे करायला लावू नये. प्रत्येक भेटीला येणाऱ्या पुढाऱ्यासमोर त्या माणसाला पुन्हा तोच प्रसंग सांगावा लागतो, हा छळाचाच एक प्रकार आहे.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ हे वाक्य शेकडो फिर्यादींत असते, आणि ते जवळजवळ निरुपयोगी आहे. कोणी, कोणते शब्द उच्चारले, कुठे उभे राहून, तेव्हा कोण कोण हजर होते, हे जसेच्या तसे यावयास हवे. तो घाण शब्द लिहिताना आपला हात अडखळतो, पण तो गाळला तर गुन्हा गळतो. कलम ३ मधील अपमानाच्या गुन्ह्यासाठी तो अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटले. म्हणून ओटा की माजघर, विहीर की वावर, हा तपशील किरकोळ नाही. कायद्याची अट पुरी व्हावी म्हणून ओट्याचे अंगण मात्र करू नये. उलटतपासणीत असे एक खोटे उघडे पडले की खरे दहा तपशील वाहून जातात.

तिसरी गोष्ट पहिल्या आठवड्याची. येथे तारखा तोंडपाठ हव्यात. फिर्याद लिहिल्यावर ती वाचून दाखविल्याखेरीज सही किंवा अंगठा घ्यावयाचा नाही, आणि तिची प्रत फुकट द्यावयाची, हे पोलिसांचे कर्तव्य कलम ४ मध्ये लिहिलेले आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू’ हे उत्तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. कलम १८-अ ने प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हेही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेण्याची तरतूद केली आहे. ठाण्याने नकारच दिला तर तीच हकीकत लिहून पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी आणि पावती जपून ठेवावी. रक्ताचे, फाटलेले कपडे धुवू नयेत. आपल्या बायका लाजेने आधी तेच करतात. पीडिताच्या जातीचा दाखला पहिल्याच दिवशी शोधावा, कारण पुढे तोच कागद नाही म्हणून दोषारोपपत्र अडते. ते साठ दिवसांत दाखल व्हावयास हवे.

अर्थसाह्याचेही तसेच. नियम १२ प्रमाणे तातडीचे साह्य सात दिवसांत मिळावयास हवे. २०१६ साली ठरविलेल्या तक्त्यात गुन्ह्याप्रमाणे पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत रकमा आहेत. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात एक लाखापैकी चौथा हिस्सा फिर्याद नोंदताच, निम्मा दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेला शिक्षा झाल्यावर मिळतो. खुनाच्या गुन्ह्यात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्रानंतर. तपासासाठी आणि साक्षीसाठी जाण्यायेण्याचे भाडे व बुडालेल्या रोजाची भरपाई नियम ११ प्रमाणे मिळते. साक्षीदारांनाही मिळते. हे पैसे मागावयास आपली माणसे लाजतात, कारण ‘पैशासाठी केस केली’ हा टोमणा गावात तयारच असतो. सोबत्याने त्यांना सांगावे की ही भीक नाही. मोडलेल्या घराला शासनाने दिलेला हा टेकू आहे.

चौथी गोष्ट दवाखान्याची. बलात्कारपीडित स्त्रीवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ व फुकट उपचार केले पाहिजेत. ‘दोन बोटांची तपासणी’ म्हणून जो अपमानकारक प्रकार चाले, तो करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले. येथे जुना दाखला आठवतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या हे त्याचे एक कारण होते. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. भीतीने गोठलेल्या माणसाच्या अंगावर ओरखडा नसतो, हे न्यायालयाला समजावून सांगावे लागले. म्हणून दार कोणी लावले, बाहेर कोण उभे होते, ओरडून ऐकणारे कोणी होते काय, हेही जबाबात आले पाहिजे. त्या मुलीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे. आपल्या पत्रकांवर आणि फलकांवर अशी नावे सर्रास असतात. ती बंद झाली पाहिजेत.

पाचवी गोष्ट न्यायालयाची. साक्षीदाराला पढविणे आणि साक्षीदाराची तयारी करणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. काय बोलावयाचे हे सांगणे म्हणजे पढविणे. ते कधीही करू नये. कोण कुठे बसते, पिंजरा कुठे, आरोपीचा वकील तोच प्रश्न चार वेळा का विचारतो, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणता येते, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणता येते, एवढे सांगणे म्हणजे तयारी. शक्य असल्यास तारखेच्या आधी एकदा त्यांना रिकामे दालन दाखवून आणावे. साक्षीदार फितूर झाला म्हणून आपण संतापतो. पण तो ज्याच्या वावरात रोजाने जातो, ज्याच्या दुकानातून उधार आणतो, त्याच्याच विरुद्ध तो उभा आहे, हे आपण तारखेच्या दिवशी आठवतो. ते पहिल्या दिवशी आठवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आहे. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो लिहून देणारा कोणीतरी हवा असतो.

आता ज्या मुद्द्यावर शिबिरात नेहमी वाद होतो तो सांगतो. निर्णय कोणाचा? एका गावी मारहाणीनंतर वस्तीचे पाणी तोडले होते. तालुक्याला मोठा मोर्चा झाला, भाषणे झाली. सभा उठल्यावर फिर्यादी बाई म्हणाल्या, ‘मोर्चा झाला, दादा. उद्या पाणी कुठून आणू, तेवढं सांगा.’ कोणापाशी उत्तर नव्हते. आठ दिवसांनी गावकीचा निरोप आला की फिर्याद मागे घ्या, नळ सोडतो. काही कार्यकर्ते त्यांच्यावर चिडले. मी म्हणतो, ज्याने टँकर आणून दिला नाही त्याला चिडण्याचा अधिकार नाही. हा गुन्हा ठाण्यात किंवा चावडीत बसून मिटविण्यासारखा नाही, उलट हा बहिष्कारही त्याच कायद्याखाली आणखी एक गुन्हा आहे, हे त्यांना समजावून सांगणे आपले काम होते. जिल्हाधिकाऱ्याकडे पाण्याचा, धान्याचा, संरक्षणाचा अर्ज नेणे आपले काम होते. उलट फिर्याद येईल, दरोड्याचे कलमही लावतील, हे आधी सांगून ठेवणे आपले काम होते. एवढे केल्यावर त्या जो निर्णय घेतील तो त्यांचा. पीडित हा आपल्या लढ्याचा फलक नाही. त्याला त्याच गावात राहावयाचे आहे, मुलीचे लग्न करावयाचे आहे, रात्री दिवा मालवून झोपावयाचे आहे.

झोपेचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. अत्याचारानंतर महिनोन्‌महिने माणसे झोपत नाहीत, दाराच्या आवाजाने दचकतात, ‘मीच त्या रस्त्याने गेले नसते तर’ असे स्वतःलाच दोष देतात. हे वेड नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे, ही मनाची जखम आहे, आणि तिलाही डॉक्टर असतो. सोबत्याने हे ओळखून त्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नेले पाहिजे. आणि सोबत्याचे स्वतःचे काय? आपला मुलगा जेव्हा दुसऱ्याच्या वस्तीतली हकीकत ऐकतो तेव्हा त्याला स्वतःच्या आजोबांची, बापाची हकीकत ऐकू येते. बाहेरून आलेल्या व्यावसायिकाला हा भार नसतो. म्हणूनच आपला मुलगा चांगले ऐकू शकतो, आणि म्हणूनच तो लवकर मोडूही शकतो. आठवड्यातून एकदा कोणा ज्येष्ठापाशी बसून मोकळे होणे हा या शिक्षणाचा भाग असला पाहिजे.

शेवटी पोटाचा प्रश्न. हे काम फुकटच केले पाहिजे, पगार घेतला की निष्ठा गेली, असे आपल्याकडे अजून मानतात. फुकट काम ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे त्यांनाच परवडते. ज्याची आई वीटभट्टीवर आहे त्या मुलाने सात वर्षे तारखांना कोणाच्या जिवावर जावे? आज या कामाची थोडीशी दारे उघडी आहेत. पोलीस ठाण्यांतील विशेष कक्ष, ‘सखी’ केंद्रे, स्वयंसेवी संस्था, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, आणि बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत २०२० च्या नियमांप्रमाणे नेमावयाची आधार देणारी व्यक्ती. समाजकार्याची पदवी, कायद्याची पदवी, किंवा दोन्ही घेऊन या दारांतून शिरता येते. वेतन तुटपुंजे आहे, नेमणुका पुष्कळदा कंत्राटी आहेत, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. पण बालकांच्या खटल्यात जी सोबत कायद्याने मान्य केली, ती अॅट्रॉसिटीच्या प्रत्येक विशेष न्यायालयात पगारी पद म्हणून का नसावी? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. मात्र पद मिळाल्यावर तो माणूस खात्याचा नोकर होऊन पीडितालाच ‘उद्या या’ म्हणू लागेल, हा धोकाही खरा आहे. त्यावर उपाय एकच, चळवळीने त्याच्याकडे हिशेब मागत राहणे.

महाडचा २० मार्च १९२७ आपण दरवर्षी साजरा करतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळ्याच्या मालकीचा दावा बाबासाहेबांविरुद्ध दाखल झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. मधल्या दहा वर्षांत तारखा पडल्या, साक्षी झाल्या, कागद जमविले गेले. त्या तारखांना आपल्या दिनदर्शिकेत जागा नाही. पाणी पिण्याचे धैर्य आणि दहा वर्षे दावा लढण्याची चिकाटी ही एकाच माणसाजवळ होती, हे आपण अर्धेच शिकलो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस विशेष न्यायालयाच्या बाकावर बसवावे. बंद दालनातील सुनावणी सोडली तर न्यायालय सर्वांना खुले असते. विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील दक्षता व संनियंत्रण समितीची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागावीत. नियम १७ प्रमाणे ही समिती तीन महिन्यांतून निदान एकदा बसली पाहिजे. चार बैठकांचे कागद मिळाले नाहीत तर तोच पहिला धडा समजावा. आणि कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. तिच्यात तालुक्यातील प्रत्येक चालू खटल्याची पुढची तारीख असावी, आणि तारखेसमोर त्या दिवशी फिर्यादीबरोबर एस.टी.त कोण बसणार, त्याचे नाव असावे.